‘शास्त्रज्ञही चक्रावले’ : बुलढाण्यात बसून विज्ञानाच्या बातम्या वाचताना

मी खामगावात राहतो आणि कॉम्प्युटरची कामं करतो. दुकानदारांना बिलाचं सॉफ्टवेअर बसवून देणं, कुणाची वेबसाइट बंद पडली तर ती परत उभी करणं, रुसलेल्या प्रिंटरची समजूत घालणं, असली कामं. या धंद्याचा एक तोटा असा की नातेवाइकांच्या लेखी विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूचा मी तज्ज्ञ असतो, आणि मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक बातमीचाही. चांद्रयान उतरलं की मला फोन, लघुग्रह येणार म्हटलं की मला फोन, पाच मिनिटांत फोन चार्ज होणार म्हटलं की मला फोन. मलाही मतं द्यायला आवडतात, हे कबूल करतो. घरच्या ग्रुपवर एखादी लिंक टाकून खाली दोन ओळींचं मत ठोकलं की दिवस सत्कारणी लागल्यासारखा वाटतो. मताला खर्च येत नाही, असं मी जानेवारी २०२५ पर्यंत समजत होतो.

या लेखात मला विज्ञानाच्या मराठी बातम्यांबद्दल तक्रार करायची आहे, आणि ती करताना माझ्या मतांनाही त्याच रांगेत उभं करायचं आहे. एरवी विज्ञानाची बातमी वाचताना आपण तिच्या मेहेरबानीवर असतो. कृष्णविवराबद्दल पेपरात जे छापून येईल ते खरं की खोटं हे मी खामगावात बसून कसं ठरवणार? पण गेल्या पाच-सहा वर्षांत आमचा जिल्हाच या बातम्यांत सारखा येतोय. बातमी आपल्या अंगणातली असली की तिचा बरेवाईटपणा तपासता येतो.

सुरुवात लोणारपासून करतो, कारण ते प्रकरण निरुपद्रवी आहे.

जून २०२० मध्ये, टाळेबंदी ढिली होत असताना, लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. सरोवर आमच्याकडे घाटावर, मी घाटाखाली. पण फोटो माझ्याकडे नागपूर, पुणे, बंगळूर आणि शेवटी न्यू जर्सी अशा क्रमाने आले. बातम्यांचे मथळे दोनच साच्यांतले होते. एक, ‘शास्त्रज्ञही चक्रावले’. दोन, ‘नासानेही घेतली दखल’. दुसऱ्यात तथ्य होतं. नासाने २५ मे आणि १० जूनची उपग्रहचित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली होती, आणि फरक डोळ्यांत भरणारा होता. पहिल्यात मात्र फारसं तथ्य नव्हतं. खारट पाणी आटलं, ऊन वाढलं की काही सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसतं, हे मिठागरांवरच्या लोकांना आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना जुनंच माहीत होतं. इराणचं उर्मिया सरोवरही असं लाल होतं. प्रश्न फक्त एवढाच होता की लोणारात नेमकं कोण फोफावलं.

त्याचं उत्तर महिन्याभरात आलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि हॅलोआर्किया हे नाव सांगितलं. बातम्यांत या जीवांना कधी शेवाळ म्हटलं गेलं, कधी जिवाणू. ते दोन्ही नाहीत. आर्किया हा जिवाणूंसारखा दिसणारा पण वेगळा वंश आहे, हे १९७७ साली कार्ल वोस यांनी दाखवलं. पण या चुकीसाठी मी वार्ताहराला फार धरणार नाही. मराठीत त्यांना रुळलेला शब्दच नाही, आणि संध्याकाळी सातला मजकूर द्यायचा असेल तर ‘जिवाणू’ हाताशी असतो. माझी तक्रार वेगळी आहे. प्रयोगशाळेत ते पाणी काही दिवस शांत ठेवलं तेव्हा गुलाबी गाळ तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. एवढ्या एका निरीक्षणात सगळं होतं: पाण्याला रंग नव्हता, पाण्यात राहणाऱ्यांना होता, ते खाली बसले की रंग जाणार. तिसरीतल्या पोराला काचेच्या ग्लासात दाखवता येईल अशी गोष्ट. ती बातम्यांच्या सातव्या परिच्छेदात, जाहिरातीच्या खाली. दिवाळीनंतर मी मेहकरमार्गे लोणारला गेलो तेव्हा पाणी नेहमीसारखं हिरवट होतं. काठावर औरंगाबादहून आलेलं एक कुटुंब ‘गुलाबी कुठंय?’ म्हणून वाटाड्याशी हुज्जत घालत होतं. त्यांची काय चूक? गुलाबी झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, परत हिरवं झाल्याची पोचली नव्हती.

लोणारबद्दल आणखी एक, वयाचं. कुठलीही वेबसाइट उघडा, विवराचं वय ‘सुमारे ५० हजार वर्षं’ किंवा ‘५२ हजार वर्षं’ असं सापडेल. हा आकडा १९९० च्या दशकातल्या एका मोजणीवरून आला. खनिज शेवटचं तापल्यानंतर त्यात साठत गेलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने मोजायची, अशी ती पद्धत; उत्तर आलं ५२ हजार, सहा हजार इकडेतिकडे. पुढे ऑस्ट्रेलियातल्या फ्रेड जूर्दां यांनी सहकाऱ्यांबरोबर आघाताने वितळलेल्या दगडांतला आर्गॉन मोजला आणि २०११ मध्ये उत्तर छापलं: ५ लाख ७० हजार, ४७ हजार इकडेतिकडे. म्हणजे नव्या मोजणीतली चूकभूलच जुन्या मोजणीतल्या अख्ख्या वयाएवढी आहे! मला हे फार गमतीचं वाटतं. आधीची मोजणी का चुकली असेल, नवीवर कुणाचा आक्षेप आहे का, असे किती प्रश्न यातून निघतात. पण इंटरनेटवर आकडे नकलेने पसरतात, आणि नक्कल करणारा सगळ्यांत जास्त वेळा दिसणारा आकडा उचलतो. चौदा वर्षं झाली, पन्नास हजार अजून ठाण मांडून आहे. एकदा मीही एका हॉटेलवाल्याच्या वेबसाइटवर तोच आकडा टाकून दिला होता. त्याने दिलेल्या मजकुरात होता, मी चिकटवला. नंतर त्याला सांगितलं तर म्हणाला, राहू द्या भाऊ, लोकांना तोच पाठ आहे.

पावसाबद्दल थोडक्यात. दर वर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे दोन अंदाज येतात. एप्रिलच्या मध्यावर हवामान खात्याचा, आणि अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचा. शेतात घट मांडून भोवती अठरा धान्यं ठेवायची, मधे पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर; रात्रभर तसंच ठेवून सकाळी काय हललं, काय भिजलं, त्यावरून वर्षाचं भाकीत. साडेतीनशे वर्षांची परंपरा सांगतात, आणि पहाटे तिथं जमणाऱ्या शेतकऱ्यांना मी हसणार नाही. पेरणीआधीच्या दिवसांत माणसाला कुणीतरी काहीतरी सांगावं असं वाटतं. पण बातमी म्हणून दोन्ही अंदाज सारख्याच टायपात, सारख्याच खात्रीने छापले जातात, आणि ऑक्टोबरात त्यांच्याकडे वळून पाहणारं कुणी नसतं. हवामान खात्याचा हिशेब तपासणं अवघड नाही. २०२३ ला ९६ टक्के सांगितला, ९४ झाला. २०२४ ला १०६ सांगितला, १०८ झाला. २०२५ ला १०५ सांगितला, १०८ झाला. एप्रिलच्या अंदाजात पाच टक्के चूकभूल धरा असं खातं स्वतः सांगतं. हे टक्के देशभराच्या ८७ सेंटिमीटर सरासरीचे असतात. नांदुऱ्याच्या शेतकऱ्याला त्यावरून आपल्या सोयाबीनचं काहीही कळत नाही, ही गोष्टसुद्धा बातमीतच सांगायला हवी. ‘यंदा १०५ टक्के पाऊस’ एवढंच वाचून माझा एक गिऱ्हाईक मला म्हणाला होता, शंभरच्या वर कसा काय पडतो बा पाऊस?

याच्या उलट ‘दामिनी’ हे ॲप बघा. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने केलेलं, विजेबद्दलचं. दिसायला अगदी सरकारी आहे, रंगसंगती बघून डोळे मिटावेसे वाटतात. पण ते एकच काम करतं: तुम्ही उभे आहात तिथून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडतेय का हे सांगतं, आणि पडत असेल तर काय करावं तेही. मे महिन्यात शेतात बैल हाकणाऱ्या माणसाला नेमकं एवढंच हवं असतं. माझ्या मते आमच्याकडच्या विज्ञानाच्या सगळ्या मजकुरात हा सगळ्यांत चांगला लिहिलेला मजकूर आहे, आणि तो दोन ओळींचा आहे.

आता जानेवारी २०२५.

माझे मामा शेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. त्या महिन्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव ही नावं देशभर गाजली, त्याच भागातलं हे गाव. आधी डोक्याला खाज सुटायची, मग हात फिरवला की केसांचे पुंजके हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत डोकं साफ. मामांच्या घरात दोघांचे गेले. मामांनी टोपी घातली आणि विषय संपवला. नातीचं तसं झालं नाही. ती नऊ वर्षांची. रुमाल बांधून शाळेत गेली, आणि दुसऱ्या दिवशी गेली नाही.

पहिल्या दोन दिवसांतच टीव्हीने नाव ठेवून टाकलं: टक्कल व्हायरस. व्हायरस कुणाला सापडला नव्हता, कुणी म्हटलंही नव्हतं, पण नाव यमकात बसत नसलं तरी जिभेवर बसत होतं. नाव पडलं आणि त्याबरोबर शिवाशिव आली. शेगावच्या आठवडी बाजारात या गावांच्या लोकांपासून माणसं लांब सरकू लागली. जुळत आलेल्या सोयरिकी थांबल्याचं मामींनी सांगितलं. एखाद्या आजाराला व्हायरस म्हणणं ही नुसती शब्दाची चूक नसते, हे मी तेव्हा पाहिलं. लोणारच्या हॅलोआर्कियाला जिवाणू म्हटल्याने हॅलोआर्कियाचं काही बिघडलं नव्हतं.

मग कारणांची रांग लागली. शाम्पू, बुरशी, पाणी. शाम्पूचं कारण गावात कुणालाच पटेना, कारण ज्यांनी जन्मात शाम्पू लावला नाही त्यांचेही गेले होते. पाण्याचं मात्र मला लगेच पटलं. हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला, पूर्णेच्या खोऱ्यातला. इथल्या बोअरच्या पाण्याबद्दल मी लहानपणापासून ऐकतोय; सुट्टीत मामांकडे गेलो की चहासुद्धा खारट लागायचा. बातमीत नायट्रेट वाढल्याचं आलं, मी ती लिंक ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं: ‘मी तर केव्हाचा सांगतोय, पाणीच खराब आहे. बोअर बंद करा, जार आणा.’

ती बातमी आज परत काढून वाचली तर लाज वाटते. तिच्यात नायट्रेट टक्क्यांत दिलं होतं. दहा टक्के असायला हवं, चोपन्न टक्के आढळलं. क्षणभर थांबून हिशेब करा: पाण्यात चोपन्न टक्के नायट्रेट म्हणजे लिटरभर पाण्यात अर्धा किलोच्या वर. तो बोअर नसून खताचा कारखाना झाला. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आकडा चोपन्न मिलिग्रॅमचा असेल तर तो मर्यादेपेक्षा थोडा जास्त, आणि त्याचा धोका मुख्यतः तान्ह्या बाळांना. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. केसांशी त्याचा संबंध जोडायला काही आधार नव्हता. एकक चुकलेलं बघून मला संशय यायला हवा होता. मी रोज किलोबाइट आणि मेगाबाइटमधला फरक लोकांना समजावतो. पण बातमी माझ्या जुन्या मताच्या बाजूची होती, त्यामुळे मी ती तपासली नाही. मामांनी दोन महिने पाण्याचे जार घेतले. पैसे फार नव्हते, पण त्या दोन महिन्यांत घरात रेशनचा गहू रोज दळला जात होता.

गव्हाचं फेब्रुवारीत आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचं विंचूदंशावरचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेलं आहे, ते या गावांत येऊन गेले होते. त्यांनी सांगितलं की कारण सेलेनियम आहे, आणि ते रेशनच्या गव्हातून आलंय. अठरा गावांतले २७९ रुग्ण. रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. जस्त कमी झालेलं. गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम, तर १.९ च्या आसपास असावं. गहू पंजाबकडून आलेला. तिथे शिवालिकच्या पायथ्याला होशियारपूर, नवांशहर या भागात जमिनीतच सेलेनियम जास्त असलेले पट्टे आहेत, हे जुनं माहीत आहे.

या वेळेला मी थोडा शहाणा झालो होतो. पाठ्यपुस्तकं उघडली. सेलेनियम शरीराला लागतंच, पण दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम. ४०० च्या वर रोज जाऊ लागलं तर त्रास. आता शेतमजुरी करणारा माणूस दिवसाला तीनशे ग्रॅम कणिक सहज खातो. गुणाकार केला तर चार हजार मायक्रोग्रॅमच्या वर जातो, मर्यादेच्या दहा पट. आणि त्याचा परिणाम काय, तर केस गळणं आणि नखं गळणं. केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात त्यात गंधक भरपूर असतं, आणि सेलेनियम गंधकाचा चुलतभाऊ असल्यासारखा त्याच्या जागी घुसतो. चीनच्या एन्शी भागात १९६० च्या दशकात नेमकं हेच झालं होतं, केसही आणि नखंही. अमेरिकेत दक्षिण डकोटात १९३० च्या दशकात घोड्यांची आयाळ आणि खूर याच कारणाने गळत. म्हणजे हा आजार गूढ नव्हता. तो पुस्तकात होता.

तरीही एप्रिलमध्ये याच गावांत नखं गळायला लागली तेव्हा मथळा आला: ‘आता नवं संकट’. नवं काय होतं त्यात? फेब्रुवारीतली बातमी जर कुणी नीट शेवटापर्यंत नेली असती, तर ‘पुढे नखंही गळू शकतात, घाबरू नका, कारण हेच आहे’ असं एक वाक्य दोन महिने आधी लिहिता आलं असतं. ते वाक्य मामींच्या घरी फार उपयोगाचं झालं असतं. त्याऐवजी एप्रिलमध्ये पुन्हा कॅमेरे आले आणि नात पुन्हा आतल्या खोलीत.

बावस्करांच्या दाव्याकडेही टीकेच्या नजरेने पाहायला हवं. मी वाचलेल्या बातम्यांत गव्हाचे नमुने किती, कुणाच्या घरातले, कुठल्या महिन्याचे, यातलं काही नव्हतं. एका डॉक्टरचा आणि एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष म्हणून तो मांडायला हवा होता. पण बातम्यांनी जी उलटतपासणी शाम्पूची केली नाही, बुरशीची केली नाही, तीच गव्हाचीही केली नाही. प्रत्येक कारण आपापल्या दिवशी शंभर टक्के खरं होतं. पुढचं आलं की मागचं गुपचूप बाजूला. ‘आम्ही पाण्याचं सांगितलं होतं, ते चुकलं’ असं कुठेही दिसलं नाही, आणि मागच्या बातम्या वेबसाइटवर जशाच्या तशा राहिल्या. आजही शोधलं तर शाम्पू, पाणी, बुरशी, गहू अशी सगळी कारणं एका रांगेत, सारख्याच तोऱ्यात उभी दिसतात. त्यात आमच्या जिल्ह्याचं नाव दोन प्रकारे लिहितात. ‘बुलडाणा’ लिहून शोधलं तर एक ढीग, ‘बुलढाणा’ लिहून शोधलं तर दुसरा. फोनमधल्या एआय सहायकाला मराठीत विचारून पाहिलं. त्याने अत्यंत अदबीने सगळी कारणं पाच मुद्द्यांत मांडली, पहिला मुद्दा शाम्पूचा. त्याला दोष काय देणार, त्याने वाचलंय ते हेच.

पण मला सांगायची आहे ती खरी गोष्ट याहून लहान आहे. गव्हाची बातमी आली त्या रात्री मामींचा फोन आला.

"तुले त समजते ना हे मोबाइलातलं? मंग सांग, घरातला गहू खाव का नाही?"

घरात रेशनचा अर्धा कट्टा शिल्लक होता. टाकून द्या असं म्हणायला जीभ रेटेना; रेशनचा गहू टाकून द्यायचा म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मामींनीच वाट काढली.

"धुऊन-वाळवून खाल्ला त चालते का?"

मी म्हणालो, "हो मामी, दोन-तीन पाण्यांनी चांगला धू, कडक वाळव, मग दळ." वाटलं, फवारणीचं औषध धुतल्याने जातं, तसंच हेही जाईल. सांगून मोकळा झालो. मामींनी कट्टा अंगणात पसरला, धुतला, दोन दिवस वाळवला आणि दळला.

चार-पाच दिवसांनी तीच बातमी इंग्रजीत वाचत होतो. त्यात गव्हाचे दोन आकडे होते. न धुतलेला, १४.५२. धुतलेला, १३.६१.

कुणीतरी मुद्दाम गहू धुऊन मोजला होता. मामींचा प्रश्न त्यांच्याआधी कुणालातरी पडला होता आणि त्याचं उत्तरही आलं होतं: धुऊन काही होत नाही. सहा-सात टक्के कमी होतं, बाकी सगळं दाण्याच्या आत. असणारच, झाडाने ते मुळातून शोषून प्रथिनात बसवलेलं असतं, ते काही वरून उडालेली धूळ नव्हे. मी परत जाऊन आधीच्या मराठी बातम्या पाहिल्या. काहींत दोन्ही आकडे होते, एका ओळीत, शेजारी शेजारी, काहीही न म्हणता. ३५ पट, ६० पट, १५० पट हे मथळ्यात. धुतलेल्या गव्हाचा आकडा मात्र, जो शेगाव तालुक्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात त्याच संध्याकाळी लागणार होता, परिच्छेदाच्या पोटात. वार्ताहराने तो लिहिला, उपसंपादकाने तपासला, मी वाचला. आम्हा तिघांपैकी एकानेही तो गहू धुणाऱ्या बाईच्या बाजूने वाचला नाही.

मी मामींना फोन केला. त्या ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग धुवाले कोनं सांगतलं होतं?"

उन्हाळ्यापर्यंत पुष्कळांचे केस परत आले. नातीचेही आले, आधी बाळाच्या जावळासारखे मऊ, मग नीट. ही बातमीही आली, पण ती पाहायला कॅमेरे आले नाहीत.

मे महिन्यात मी मामांकडे गेलो होतो तेव्हा मामींनी रेशनची पावती दाखवली. दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावला की निघते ती. तिच्यावर कार्डाचा क्रमांक, तारीख, किती किलो गहू, किती तांदूळ, सगळं. व्यवस्था म्हणून मला हे यंत्र आवडतं. कुणाच्या वाट्याचं धान्य कुणी उचललं हे लपत नाही. मामींनी विचारलं, "याच्यात पाह्य ना, हा गहू कुठचा हाय ते." मी पावती उलटसुलट पाहिली. घेणाऱ्याचा अंगठासुद्धा नोंदवणाऱ्या त्या कागदावर गहू कुठून आला याला जागाच नव्हती.

आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "पावतीत नसते भाऊ ते. पोत्यावर असते." एक रिकामा बारदाना त्याने झटकून आमच्यापुढे उलटा करून धरला. त्यावर निळ्या शाईचा शिक्का होता, अर्धा पुसट: खरेदी करणाऱ्या संस्थेचं नाव, हंगामाचं वर्ष. मामींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी बोट ठेवत ठेवत प्रत्येक अक्षर मला वाचायला लावलं, आणि मी वाचून दाखवलं.